दोनदा सत्तावीस

मी चांदणीची पेटी बोलतेय. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि फसफसणारी रसायनं येतात. आमच्याकडे तसलं काही नाही. सहा टेबलं, बारा स्टुलं, एक फळा आणि माझ्यासारखी चार-दोन खटली, एवढाच संसार.

माझं रूप आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एक लाकडी पाट. त्याच्या टोकाला उभा आरसा. पाटावर पितळेचा चौकोन आणि त्यात काळ्या रबराची, चांदणीच्या आकाराची अरुंद वाट. हातात धातूच्या टोकाची लेखणी घ्यायची आणि त्या वाटेवरून एक फेरी पूर्ण करायची. पोरखेळ वाटतो ना? अट एकच आहे. हाताकडे थेट बघायचं नाही. हातावर एक आडवा पत्रा येतो, त्यामुळे चांदणी दिसते ती फक्त आरशात, आणि आरशात पुढचं मागे, मागचं पुढे झालेलं असतं. डोळे म्हणतात इकडे, हात जातो तिकडे. लेखणी वाटेबाहेर पितळेला टेकली की माझी घंटी वाजते. एक टिंग म्हणजे एक चूक.

मला एका सुतारानं घडवलं आणि घंटी बसवली त्याच्या घड्याळजी मेव्हण्यानं. काम झाल्यावर सुतार म्हणाला, बघू तरी करून. तीस वर्षं रंधा मारलेला हात तो, पण पहिल्याच कोपऱ्यावर असा अडकला की नुसता जागच्या जागी थरथरत राहिला. मेव्हण्याची हसून हसून पुरेवाट झाली. मग मेव्हणा बसला आणि सुतारानं उट्टं काढलं. संध्याकाळपर्यंत दोघं आळीपाळीनं बसत होते, आणि सुताराची बायको चहा घेऊन आली ती कप तिथंच ठेवून तिसरी भिडू झाली. इतकं कौतुक मला पुढे फार वर्षं मिळालं नाही.

मला मागवून घेतलं होतं सरांनी. तेव्हा ते नुकतेच विभागप्रमुख झाले होते, केस काळे होते आणि चालताना चपला वाजायच्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना माझ्यावर एक प्रयोग असतो. आधी डाव्या हातानं एक फेरी. मग उजव्या हातानं दहा. शेवटी पुन्हा डाव्यानं एक. दरवेळी चुका मोजायच्या आणि आलेख काढायचा. उजव्या हातानं शिकलेलं डाव्या हाताला किती पोचतं, ते त्यातून कळतं. एकानं बसायचं, दुसऱ्यानं मोजायचं. सगळ्यात शेवटी बसणाऱ्यानं करताना मनात काय काय चाललं होतं ते लिहायचं. त्याला म्हणतात अंतर्निरीक्षण. नाव भारदस्त आहे, पण बहुतेक वह्यांत तिथं एकच वाक्य असायचं: ‘सुरुवातीला अवघड वाटले, नंतर मजा आली.’ मजा येताना मी तरी फारसं कुणाला पाहिलेलं नाही.

आता जिची गोष्ट मला सांगायची आहे तिच्याकडे येते. ती पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वर्गात पहिली येणारी, सरांची लाडकी. प्रश्न अर्धा विचारून होतोय तोवर हिचा हात वर. सरांनी मुद्दाम तिलाच आधी बसवलं. पहिल्या कोपऱ्यावर तिचा हात अडकला आणि माझी घंटी लागली वाजायला. टिंग, टिंग, टिंग. मागच्या स्टुलावर कुणीतरी खुदकन हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला आरशात दिसल्या. तिनं लेखणी खाली ठेवली, डोकं दुखतंय म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला घेऊन आली. माझ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. दोघी खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि आकडे रचू लागल्या. डावा हात, बावन्न चुका. मग उजवा: एकेचाळीस, छत्तीस, तेहेतीस, सत्तावीस. पुढे मैत्रीण चोवीस म्हणाली. ही म्हणाली, नको, पुन्हा सत्तावीसच टाक. एकसारखं उतरत गेलं तर खोटं वाटेल.

सरांनी ती वही पाहिली आणि खूश झाले. आलेख असावा तर असा, असं भर वर्गात म्हणाले. वहीवर लाल शाईनं ‘आदर्श’ लिहून त्यांनी ती खाकी वेष्टन घालून माझ्याच फळीवर ठेवली, पुढच्या मुलांना बघायला मिळावी म्हणून. ती शेजारीण मला तेव्हापासून मिळाली. मला तेव्हा बोलता येत असतं तर त्याच दिवशी बोलले असते.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. आदर्श हाताशी असताना पेटी उघडायचा खटाटोप कोण करणार? दरवर्षी मुलं वही काढायची, बघायची, परत ठेवायची. माझ्या पोटातले सेल गळले, तारेवर हिरवा बुरा चढला, घंटी मुकी झाली. सर वह्या तपासत होते, सही करत होते. त्यांच्यामागे कामंही शंभर होती, विभाग त्यांनी एकट्यानं ओढला, हेही खरं आहे. माझी विचारपूस करणारे एकटे मामा. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेचे शिपाई. दर शनिवारी ते माझा आरसा पुसायचे आणि पुसता पुसता स्वतःची मिशी बघून घ्यायचे.

आणि मग एक दिवस ती परत आली. मॅडम होऊन. केसांत एखाद-दुसरी चांदी, खांद्याला जड पिशवी. मामांनी तिला ‘ताई’ म्हणून हाक मारली आणि लगेच जीभ चावून ‘मॅडम’ म्हणाले. ती म्हणाली, ताईच म्हणा. नेमणूक तात्पुरती होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस सरांनी चांगला अहवाल दिला की कायम व्हायची होती.

शिकवायची मात्र मनापासून. इतर तास संपले की मुलं दाराकडे धावायची, हिचा संपला की टेबलाभोवती रेंगाळायची. प्रश्न विचारून ती गप्प उभी राहायची. उत्तर येईना म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकायची घाई तिला नव्हती. कुणी चुकीचं बोललं तर म्हणायची, असं का वाटलं ते सांग बरं. पण प्रयोगाचे तास पहिलं वर्षभर सरच घ्यायचे. माझ्या कपाटाकडे ती यायची नाही, आणि का येत नाही हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी सरांचा रक्तदाब वाढला आणि प्रयोगवह्या तपासायचं काम तिच्याकडे आलं. माझ्याच शेजारच्या टेबलाशी ती बारा वह्या घेऊन बसली. पहिली वही मिटली, दुसरी उघडली. तिसरी उघडल्यावर तिचा हात थांबला. मग तिनं सगळ्या वह्या एकाच पानावर उघडून टेबलभर मांडल्या. कुणी एकेचाळीसचे बेचाळीस केले होते, कुणी शेवटचे बाराचे अकरा. पण चौथ्या आणि पाचव्या फेरीचे सत्तावीस कुणीच हलवले नव्हते. बारा वह्यांत दोनदा सत्तावीस.

तिनं मला कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं, पत्रा लावला आणि लेखणी मुद्दाम पितळेवर टेकवली. मी गप्प. तिनं पुन्हा टेकवली. मला इतकं ओशाळं वाटलं की काय सांगू.

“मामा, ही कधीपासून बंद आहे?”

“झाली की सात-आठ वर्षं.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“कुणी विचारलंच नाही, ताई.”

तेवढ्यात सर आत आले आणि टेबलावर मांडलेल्या वह्या त्यांनी पाहिल्या. आकडे त्यांनाही दिसले, पण ते कुठून आले हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चिडले. असे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खोटे आकडे लिहिणाऱ्याला प्रात्यक्षिकात शून्य आणि वर्ष बाद, असा नियमच होता. शास्त्र शिकायला येतात आणि लबाडी शिकून जातात, म्हणाले. उद्या सकाळी नावांची यादी माझ्या टेबलावर हवी, असं बजावून ते गेले. ती ‘हो सर’ म्हणाली.

ती तशीच बसून होती तेव्हा दारात एक मुलगी उभी राहिली. वर्गात तिला सगळे टापटीप म्हणायचे, कारण तिची वही म्हणजे बघत राहावी अशी असायची. समासाच्या रेघासुद्धा दोन रंगांत. बाहेर सरांचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. ती आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली की मॅडम, माझ्या एकटीचं नाव लिहा. बाकीच्यांनी माझ्या वहीतून उतरवलं, मी कपाटातल्या वहीतून.

“प्रयोग करावासा नाही वाटला?” मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“केला होता, मॅडम.”

खरं होतं ते. इतक्या वर्षांत ती एकटीच बसली होती. घंटी वाजत नाही म्हटल्यावर मैत्रिणीला वाकून डोळ्यांनी मोजायला लावलं होतं तिनं.

“मग ते आकडे कुठे गेले?”

“फाडले. उलटे आले होते. आदर्श वहीत डावा हात वाईट आहे. माझा डावा पहिल्याच फेरीला चांगला आला, उजव्यापेक्षा कितीतरी चांगला. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं.”

मॅडमनी हळूच विचारलं, “लहानपणी डाव्या हातानं लिहायचीस का गं?”

टापटीपनं मान खाली घातली. मग सांगितलं. शाळेत जायच्या आधीपासून डावाच हात पुढे यायचा. बाबा हातावर मोजा चढवायचे आणि मनगटाशी रबरबँड लावायचे. मारलं कधी नाही, ती घाईघाईनं म्हणाली, बाबा खूप चांगले आहेत. चौथीपर्यंत सवय गेली. आता तिला स्वतःलाही आठवत नाही म्हणे, फक्त दात घासताना कधीतरी ब्रश डाव्या हातात असतो.

ती गेल्यावर मॅडमनी खाकी वेष्टनातली वही फळीवरून काढली आणि मांडीवर ठेवून बसल्या. रडल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पंधरा वर्षं मी त्या वहीपायी कोपऱ्यात पडले होते. पण आला नाही. एका पोरीच्या हातानं खरं सांगितलं होतं आणि त्या वहीनं तिला ते फाडायला लावलं, हे त्यांना जितकं लागलं तितकं कुणी वर्षभर झापूनही लागलं नसतं.

सरांची खोली आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

“हे काय? वर्गात मुलं बारा, इथं नावं तेरा,” सर म्हणाले.

“पहिलं नाव वाचा, सर.”

कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वहीचं वेष्टन कुरकुरलं.

“सत्तावीस दोनदा मी घातले होते,” ती म्हणाली. “खरं वाटावं म्हणून. पहिल्या कोपऱ्यावर अडकले, मुलं हसली, ते मला सोसलं नाही. एकही फेरी पूर्ण केली नव्हती मी.”

सरांनी पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “ही वही मी पंधरा वर्षं मुलांना दाखवतोय.”

“हो, सर.”

“तुझा अहवाल माझ्या टेबलावर आहे. माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे. मला दोन आठवडे द्या. सगळी मुलं प्रयोग पुन्हा करतील, मीही करीन. त्यानंतर शून्य द्यायचं तर तेराही जणांना द्या.”

सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “आधी ती घंटी दुरुस्त करून घे.”

मामांनी ते काम स्वतःकडे घेतलं. हिरवा बुरा खरवडला, नवी तार ओढली, सेल घातले. पहिली टिंग वाजली तेव्हा मी इतकी दचकले की आरसा हलला.

तो तास मी विसरणार नाही. मॅडमनी मला मधल्या टेबलावर ठेवलं, मुलांना भोवती उभं केलं आणि आदर्श वहीची सगळी हकीकत सांगितली. नटवून नाही, रडून नाही, जशी घडली तशी. शिक्षा ऐकायला आलेली मुलं ती, मॅडम स्वतःचाच गुन्हा सांगताहेत म्हटल्यावर बघायचं कुठे हे कुणाला कळेना. मग मॅडम स्टुलावर बसल्या, टापटीपला म्हणाल्या तू मोज, आणि लेखणी उचलली.

त्याच कोपऱ्यावर अडकल्या. पंधरा वर्षांनी, तिथंच. टिंग, टिंग, टिंग. कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. पण या वेळी लेखणी खाली ठेवली नाही. कपाळावर घाम आला, जीभ दातांत आली, एकदा तर स्वतःशीच ‘अगं बाई’ म्हणाल्या. फेरी पूर्ण झाली. चौसष्ट चुका. तो आकडा त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिला आणि मुलांकडे वळून विचारलं की माझ्या हाताला नेमकं काय होत होतं? पुस्तकातलं नको, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.

नेहमीप्रमाणे गप्प उभ्या राहिल्या. एकानं चाचरत सांगितलं की तुम्ही अडकल्यावर लेखणी जास्त जोरात दाबत होता. दुसरी म्हणाली, आम्ही पुढे वाकलो की तुम्ही जास्त चुकत होता. मग जो तो बोलू लागला. तास संपल्याची घंटा झाली ती कुणी ऐकलीच नाही.

पुढचे दोन आठवडे माझा पाट थंड पडला नाही. कुणाचा आलेख उतरला, कुणाचा मधेच चढला, एकाचा तर शेवटपर्यंत सरळच राहिला. तो हिरमुसला तेव्हा मॅडम त्याच्याजवळ बसून म्हणाल्या की चुका तेवढ्याच आहेत, पण वेळ बघ, निम्म्यावर आलाय. अंतर्निरीक्षणात ते जुनं वाक्य एकानंही लिहिलं नाही. एका मुलीनं लिहिलं, ‘माझा धाकटा भाऊ अक्षरं उलटी काढतो म्हणून मी त्याच्यावर ओरडते. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसणार आहे.’ मॅडमनी ते तिला विचारून वर्गात वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी धडा तिथूनच सुरू झाला.

टापटीप सगळ्यात शेवटी बसली. डाव्या हाताची पहिली फेरी, एकवीस चुका. उजव्याची पहिली, अठ्ठावन्न. वर्गात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं की मॅडम, पुस्तकात तर उलट दिलंय.

“पुस्तक बहुतेकांबद्दल सांगतं,” मॅडम म्हणाल्या. “ही बहुतेक नाही, ही एक मुलगी आहे. दोन्ही आपल्याला समजून घ्यायचंय.”

मग टापटीपनं आपणहून मोज्याची गोष्ट सांगितली. सांगताना तिचा डावा हात माझ्या पाटावर होता, उबदार. या वेळी आकडे लिहिताना पेन तिच्या डाव्या हातात होतं. अक्षर गिचमिड आलं. तिनं ते फाडलं नाही.

सर दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. निवृत्तीला चार महिने राहिले होते त्यांच्या. मुलांनी वाट दिली. ते सावकाश आले, स्टुलावर बसले, चष्मा पुसला. पेटी मागवली त्यांनी, शिकवली त्यांनी, आणि इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसले मात्र कधीच नव्हते.

“मला कोण मोजणार?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी टापटीपकडे पाहिलं. ती खडू घेऊन फळ्यापाशी गेली. सरांचा हात आधीच जरा थरथरतो. घंटी वाजायला लागली ती थांबेचना. मी तरी काय करणार, पितळेला लेखणी टेकली की वाजणं हा माझा धर्म. कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. मधे एकदा मॅडम पुढे झाल्या, पण सरांनी रिकाम्या हातानं त्यांना थांबवलं. फेरी पूर्ण व्हायला सात मिनिटं लागली.

“किती?”

टापटीपनं फळ्यावरच्या उभ्या रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. ज्यांच्या सहीवर तिचं वर्ष अडकलं होतं ते समोर बसले होते. दहा-वीस कमी सांगितल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“अठ्ठ्याऐंशी, सर.”

सरांनी मान हलवली. आदर्श वही मागून घेतली आणि माझ्या पाटावर टेकवून उघडली. लाल शाईतला ‘आदर्श’ त्यांनी एका रेघेनं खोडला. खाली तारीख घातली आणि अठ्ठ्याऐंशी लिहून सही केली. मग मॅडमकडे बघून विचारलं, “अंतर्निरीक्षण लिहायलाच हवं का?”

“लिहावं लागेल, सर.”

त्यांनी लिहिलं. वही माझ्यावरच होती, म्हणून सगळ्यांआधी मी वाचलं. ‘सुरुवातीला लाज वाटली. नंतर वाटली नाही.’

शून्य कुणालाच मिळालं नाही. मुलांचे वहीचे पाच-पाच गुण कापले गेले. मॅडमचे कापायला गुण नव्हते. सरांनी अहवालात घडलं ते सगळं लिहिलं, आणि वरच्या मंडळींनी मॅडमचं कायम होणं वर्षभर पुढे ढकललं. त्यांनी त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही, मामांनी मात्र आरसा पुसता पुसता भरपूर केली.

आता मी म्हातारी झालेय. आरशाचा पारा एका कोपऱ्यात उडालाय, पाटाला चीर गेलीय. शेजारीण अजून माझ्याशेजारीच आहे, तिचं खाकी वेष्टन मात्र काढून टाकलंय. दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम आधी तिला उघडतात आणि दोनदा सत्तावीसवर बोट ठेवून गोष्ट सांगतात. मग स्टुलावर बसतात. अजूनही पहिल्या कोपऱ्यावर अडकतात.

उद्या नवी तुकडी येणार आहे, मामांनी आजच सेल बदललेत. त्यांच्यातला कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते. बाळांनो, माझी घंटी वाजली म्हणून उठून जाऊ नका. वाजली तर वाजू द्या, आणि शेजारी बसलेल्यानं जितक्या वेळा वाजली तितक्याच चुका मोजाव्यात.